भोंगा आणि बिऱ्हाड

पहाटेचा अंधार अजून ओसरलेला नसे. परळ, लालबाग, चिंचपोकळी या भागांतील चाळींच्या गॅलऱ्यांत माणसे ओळीने झोपलेली असत. इतक्यात कोठल्या तरी गिरणीचा भोंगा घुमू लागे; त्याच्या मागोमाग दुसरीचा, मग तिसरीचा. प्रत्येक भोंग्याचा सूर निराळा आणि आपला भोंगा कोणता हे झोपेतही कानाला कळे. अंथरुणे गुंडाळली जात, चुली पेटत, नळापाशी बादल्यांची रांग लागे आणि थोड्याच वेळात जिने उतरणाऱ्या शेकडो पावलांचा आवाज रस्त्यावर येई. मुंबईच्या एका मोठ्या भागाचा दिवस कित्येक पिढ्या असा सुरू झाला. त्या भागाला लोकांनीच नाव दिले : गिरणगाव.

खेड्यात घर कोठे बांधावे हे पाणी, शेत आणि भाऊबंद यांच्या सोयीने ठरते. विहीर जवळ असावी, शेतावर जाण्यास फार चालावे लागू नये, अडीअडचणीला हाक मारली तर ओ देणारे कोणी असावे, एवढे पाहिले की झाले. गिरणगावात आलेल्या माणसाला यांपैकी काहीच पाहता आले नाही. त्याने कोठे राहावे हे भोंग्याने ठरविले. भोंगा ऐकू येईल आणि तो थांबण्यापूर्वी फाटकाशी पोहोचता येईल, इतक्या अंतरावरच त्याला बिऱ्हाड करणे भाग होते. असे का झाले, आणि ही स्थिती पुढे कशी पालटली, हे समजून घेतले म्हणजे आजच्या मुंबईच्या रचनेतील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर या पारशी उद्योजकाने स्थापिली. 1854 साली तिची कंपनी उभी राहिली आणि 1856 साली ताडदेव येथे यंत्रे फिरू लागली. त्याच सुमारास, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली होती. ती पुढे घाट चढून वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाच्या मुलखापर्यंत पोहोचली. तोवर येथील कापूस गलबतांतून इंग्लंडला जाई आणि त्याचेच कापड होऊन परत येई. मुंबई हे नुसते बंदर होते. ते आता कारखान्यांचे शहर होऊ लागले. येथली दमट हवा सूत कातण्यास अनुकूल होती, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. माणसाच्या अंगाला चिकटणारी, नकोशी वाटणारी ही हवा धाग्याला मात्र मानवली!

गिरण्या बांधण्यास मोठी जागा लागे. बाष्पयंत्रांना पाणी लागे, म्हणून जवळ तलाव हवा. कोळसा आणि कापूस आणण्यास लोहमार्ग हवा. या तिन्ही सोयी शहराच्या उत्तरेस भायखळा, परळ, लालबाग, शिवडी या बाजूंना होत्या. तेथे तेव्हा वाड्या, शेते आणि खाजणे होती व जमीन स्वस्त होती. पाहता पाहता तेथे धुराड्यांचे रान उठले. एकोणिसावे शतक सरताना मुंबईत सत्तरांहून अधिक गिरण्या आणि त्यांत सत्तर हजारांच्या आसपास कामगार होते.

हे कामगार कोठून आले? सर्वांत मोठा लोंढा रत्नागिरी जिल्ह्यातून आला. कोकणात पाऊस उदंड, पण शेताचे तुकडे लहान. भाताचे एक पीक निघाले की वर्षभर पुरेल इतके धान्य घरात येईलच असे नसे. शिवाय समुद्रमार्गाने मुंबई जवळ होती. सातारा, पुणे, अहमदनगर या घाटावरील जिल्ह्यांतूनही माणसे आली. 1876 ते 1878 या वर्षांच्या भयंकर दुष्काळाने कित्येकांना घरदार सोडावयास लावले. बहुधा घरातील एक पुरुष मुंबईस येई. बायको, मुले आणि म्हातारे आईबाप गावी राहून शेत सांभाळीत व महिन्याच्या मनीऑर्डरीकडे डोळे लावून बसत. म्हणजे त्याचे घर एका जागी आणि बिऱ्हाड दुसऱ्या जागी, अशी विभागणी झाली. ‘घर’ म्हणताच त्याच्या डोळ्यांपुढे गावचे कौलारू घर येई. मुंबईतली असे ती ‘खोली’.

या खोलीसाठी त्याला गिरणीपासून दूर का जाता येत नव्हते? एक कारण कामाच्या तासांचे. गिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी सूर्य उगवला की यंत्र सुरू आणि मावळला की बंद, अशी रीत होती. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. ते तेरा तासांच्या वर जाई. 1905 च्या सुमारास दिवे आले तेव्हा विश्रांती वाढेल असे कोणास वाटले असेल, तर तो समज खोटा ठरला. काळोखातही यंत्र चालविता येऊ लागल्याने दिवस आणखी लांबला. दुसरे कारण भाड्याचे. 1874 साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि 1907 साली विजेची. पण रोज दोन वेळा ट्रामचे भाडे द्यावे इतके कामगाराचे वेतन नव्हते. तेव्हा पायी जाता येईल तेवढेच त्याचे शहर.

मुलेही या कामातून सुटली नव्हती. 1881 च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. ही सुधारणा होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पूर्वीची स्थिती काय असेल याची कल्पना करता येते. कामगारांना आठवड्याची सुटीदेखील नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, अर्ज केले. अखेर 1890 साली गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी सकाळी उशिरा उठणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असते, कोण जाणे.

एवढी माणसे एवढ्याशा जागेत राहावयाची, तेव्हा त्यांना सामावून घेणारी इमारत हवी. ती म्हणजे चाळ. लांब गॅलरी, तिच्या कडेने ओळीने एकेक खोली, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ आणि शौचकूप. ही रचना मालकास स्वस्त पडे व भाडे भरपूर मिळे. दहा फूट रुंद आणि तितक्याच लांबीच्या खोलीत एक कुटुंब सुखाने राहणे कठीण. प्रत्यक्षात तीत दहा-पंधरा एकटे पुरुषही राहत. गावाच्या मंडळाने एक खोली भाड्याने घ्यावयाची, गावातून येईल त्याने तेथे आपली पेटी ठेवावयाची, अशी पद्धत होती. गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्यावर एकाने उठावे व त्याच अंथरुणावर रात्रपाळी करून आलेल्या दुसऱ्याने पडावे, असे चाले. जेवणासाठी खानावळ असे. चाळीतीलच एखादी बाई आपल्या खोलीत दहावीस जणांचे जेवण रांधी आणि महिन्याच्या पगारावर हिशेब होई. गिरणीत धागा तुटू नये म्हणून खिडक्या मिटून पाण्याची वाफ सोडीत; त्या कोंदट, कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेतून सुटलेला माणूस खोलीत परते, तर तेथेही मोकळी हवा नसे. म्हणूनच तो गॅलरीत, गच्चीवर, नाही तर रस्त्याच्या कडेला झोपे.

या दाटीचे फळ 1896 साली दिसून आले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात बंदराजवळील मांडवी भागात गाठीचा ताप पसरू लागला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे ओळखले. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या शास्त्रज्ञाने 1898 साली दाखवून दिले. तोवर लोक केवळ भीतीने जीव मुठीत धरून होते. धान्याची कोठारे, त्यांत उंदीर आणि त्यांना लागूनच अंधाऱ्या खोल्यांत कोंबलेली माणसे, यांहून रोगाला सोयीची जागा कोणती असणार? लाखो लोक शहर सोडून गावी पळाले. 1891 साली मुंबईची लोकसंख्या 8,21,764 होती. ती वाढण्याऐवजी 1901 च्या खानेसुमारीत 7,76,006 भरली. गिरण्या ओस पडू लागल्या. एरवी कामगाराचा पगार कित्येक आठवडे अडकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज मजुरी मोजून देऊ लागले. कामगार नाहीसा झाला तेव्हा कोठे त्याची किंमत कळली!

प्लेगला गरीब-श्रीमंत हा भेद नसल्याने शहराच्या रचनेचा विचार आता सर्वांनाच सुचला. 1898 साली कायदा होऊन मुंबई सुधारणा मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’, स्थापन झाले. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते पूर्व-पश्चिम आखण्यात आले, ते समुद्रावरील वारा वस्तीच्या पोटात शिरावा म्हणून. विचार उत्तम होता. परंतु आरंभीच्या काळात मंडळाने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. ज्यांच्या खोल्या गेल्या ते दूर थोडेच जाणार? भोंगा तेथेच होता. ते शेजारच्या चाळीत शिरले आणि दाटी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली.

येथे गिरणगावातील आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागा मिळणे सर्वांनाच कठीण होते, पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना ते दुपटीने कठीण होते. पैसे असूनही त्यांना कित्येक चाळींत खोली मिळत नसे. गिरणीतही कापड विणण्याच्या खात्यात, जेथे मजुरी अधिक, तेथे त्यांना मज्जाव असे. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आपण कसा घ्यावा, असे इतर कामगार म्हणत. गाव सोडले, शेत सुटले, आगगाडी आणि वीज आली. पण गावकुसाबाहेरची रेघ काही मुंबईच्या वेशीवर थांबली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या अन्यायाविरुद्ध जाहीरपणे आवाज उठविला.

बाबासाहेब हे स्वतः गिरणगावात वाढले होते. परळच्या डबक चाळीत त्यांच्या कुटुंबाला एकच खोली होती. तीत अभ्यास आणि झोप यांना एका वेळी जागा नव्हती. म्हणून लहान भीमराव लवकर झोपे, वडील रामजी जागत राहत, रात्री दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासास उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. पुढे हे कुटुंब सुधारणा मंडळाच्या परळ येथील चाळीत दोन खोल्यांत राहावयास गेले. विलायतेहून मोठ्या पदव्या घेऊन आल्यानंतरही बाबासाहेबांचे बिऱ्हाड कित्येक वर्षे तेथेच होते. अखेर 1930 नंतरच्या वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. डबक चाळ ते राजगृह हे अंतर पायी चालून जाण्याजोगे आहे. ते ओलांडावयास मात्र पंचवीसएक वर्षे लागली.

हिंदू कॉलनी ज्या भागात आहे तो दादर-माटुंग्याचा भागही सुधारणा मंडळानेच आखला होता. आधी रस्ते, गटारे, मोकळ्या जागा आणि मग घरे, असा येथील क्रम होता. घरांच्या उंचीला मर्यादा घातली होती आणि दोन घरांमध्ये अंतर सोडावे लागे. जवळच्याच दादर पारशी कॉलनीची आखणी मंचेरजी जोशी या अभियंत्याच्या प्रयत्नांनी झाली. तेथील पाच बागा आजही आहेत. माहीमच्या किनाऱ्यालगत 1925 साली महानगरपालिकेने मोठे मैदान खुले केले, तेच पुढे शिवाजी पार्क झाले. शिक्षक, कारकून, वकील अशी पांढरपेशी मंडळी या भागात येऊन राहिली. मुंबईत ‘आपण कोठे राहावे?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवड ज्यांना प्रथम मिळाली, त्या सामान्य माणसांत ही मंडळी मोडतात. शाळा जवळ आहे का, मुलांना खेळावयास जागा आहे का, वारा येतो का, हे पाहून त्यांनी घर घेतले.

ही सवड कशाने आली? मोठा वाटा आगगाडीचा. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची गाडी धावली आणि 1928 साली पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या जाऊ लागल्या. महिन्याचा पास काढला की पार्ल्याचा माणूस सकाळी फोर्टात आणि संध्याकाळी घरी, हे नित्याचे झाले. काम एकीकडे आणि घर दुसरीकडे ठेवता येऊ लागले. कामाचे तासही कायद्याने हळूहळू कमी झाले. 1934 साली दिवसाला दहा आणि 1948 साली आठवड्याला अठ्ठेचाळीस. वेळ आणि भाडे ही दोन्ही हाताशी आली, तेव्हा भोंग्याची दोरी सैल झाली.

ती दोरी किती घट्ट होती, हे एका उदाहरणावरून दिसते. 1920 साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते काढून कामगारांसाठी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे अशा 207 इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारतीत ऐंशी खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. याच त्या बी. डी. डी. चाळी. सरकारला वाटले, कामगार धावत येतील. परंतु वरळीच्या चाळी प्रथम बव्हंशी रिकाम्याच राहिल्या. तेथून गिरण्या लांब, बाजार नाही, ओळखीचे माणूस नाही. सिमेंटच्या त्या भिंती लोकांना तुरुंगासारख्या वाटल्या असतील, तर नवल नाही. कारण 1930 च्या सत्याग्रहात सरकारने त्यांतील काही इमारतींचा खरोखरच तुरुंग केला. जागा अधिक चांगली म्हणून माणूस तेथे जातोच असे नाही, हे त्या खात्यातील हुशार अधिकाऱ्यांच्या आधी गिरणगावातील अडाणी म्हटल्या जाणाऱ्या कामगाराला ठाऊक होते.

मग त्या जुन्या, कोंदट गिरणगावात त्याला असे काय मिळत होते? गावचा माणूस शेजारी होता. तो नोकरीला लावी. आजारात गावी पोहोचवी. पगार संपला तरी खानावळवाली ताट वाढी. दिवसभर गॅलरीतून माणसांची ये-जा असल्याने लहान मूल कोणाच्या ना कोणाच्या नजरेखाली राही. संध्याकाळी भजन, तालीम, नाटकाची तालमीही तेथेच. गणपतीत सारी चाळ एक होई. लालबागचा प्रसिद्ध सार्वजनिक गणपती 1934 साली सुरू झाला, तो याच वस्तीत. संप झाला म्हणजे हीच गॅलरी सभेची जागा होई आणि वाणी महिनोन्‌महिने उधारीवर धान्य देई. यातली कोणतीही सोय चाळ बांधणाऱ्या मालकाने केलेली नव्हती. त्याने भिंती दिल्या होत्या. राहण्याजोगी जागा लोकांनी केली. अर्थात तिचे गोडवे गाताना सामाईक नळावरची भांडणे, क्षयाने खंगलेली माणसे आणि पावसाळ्यात गळणारी छपरे विसरणे बरे नव्हे. चाळीविषयी सर्वांत गोड आठवणी पुष्कळदा चाळ सोडून गेलेल्यांच्याच असतात.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि कामगारांच्या हाती काही न लागता विरून गेला. कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. उरलेल्या पुढच्या काळात एकामागून एक बंद झाल्या. कोणी गावी परतला, कोणी रखवालदार झाला, कोणाच्या बायकोने पोळ्या लाटून घर चालविले. भोंगे थांबले. ज्या जमिनी एकेकाळी खाजणाच्या म्हणून स्वस्त होत्या, त्या आता देशातील सर्वांत महाग जमिनींत गणल्या जाऊ लागल्या. तेथे चाळीस-पन्नास मजल्यांच्या इमारती, कचेऱ्या आणि झगमगीत बाजार उभे राहिले. एखादे धुराडे खूण म्हणून मध्येच उभे दिसते.

ज्या गिरणगावात पूर्वी नाइलाज म्हणून राहावे लागे, तेथे आता पैसेवाले हौसेने घर घेतात. आणि गिरणी कामगारांची नातवंडे बदलापूर, विरार, पनवेल अशा दूरच्या ठिकाणांहून तास-दीड तास गाडीत उभी राहून कामाला येतात. आजोबांना कामाजवळ राहावे लागले, कारण प्रवास परवडत नव्हता. नातवाला दूर राहावे लागते, कारण घर परवडत नाही.

बी. डी. डी. चाळींतील काही कुटुंबे मात्र तेथेच राहणार आहेत. या चाळी पाडून नव्या इमारती बांधण्याचे काम सुरू झाले असून 160 चौरस फुटांच्या खोलीबद्दल 500 चौरस फुटांचे घर द्यावयाचे ठरले आहे. वरळीतील पहिल्या कुटुंबांना 2025 साली अशा घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरात स्वतंत्र नळ आहे, शौचकूप आहे, स्वयंपाकघर आहे. चाळीचे रहिवासी त्याच इमारतींत राहावयास जातात. कोणता मजला आणि कोणते दार हे मात्र सोडतीने ठरते. आपला क्रमांक कळला की घरातली वडील माणसे पुढची चौकशी करू लागतात ती शेजारच्या क्रमांकाची : तो कोणाला लागला?